केळीवाल्या बाईचा फोन

मुगारुराच्या फोनमधली बाई आमच्या रुवेंकोबा डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होती. रोज संध्याकाळी गाई घराकडे वळल्या की तिचा फोन यायचा, आणि मुगारुरा हातातलं काम टाकून केळीच्या बागेत पळायचा. लोक विचारायचे, "कोण रे ही, जिच्यासाठी एवढा धावतोस?" तो म्हणायचा, "शेतकीवाली. केळीच्या रोगाचं सांगते. पानं बघून उत्तरं द्यायची असतात, म्हणून फोन बागेतच घ्यावा लागतो." झालं! आमच्याकडे केळीचं नाव काढलं की माणूस पुढचं काही विचारत नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी त्यालाच अडवायला लागले. "मुगारुरा, तुझी बाई पावसाचं काय म्हणते?" "मुगारुरा, माझ्या झाडांची पानं पिवळी पडलीत, विचार की तिला." आणि हा पठ्ठ्या तोंडाला येईल ते ठोकून द्यायचा. नशीब असं, की निम्म्या वेळा ते खरंही निघायचं.

खरी गोष्ट अशी, की त्या बाईला केळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती बाई म्हणजे दवाखान्याचं यंत्र. आधी 'नमस्कार' म्हणायची, मग गुप्त आकडा दाबायला सांगायची, आणि आकडा बरोबर असला की आमच्याच बोलीत, अगदी मावशीच्या सुरात विचारायची, "आज तुम्ही दारू प्यायलात का? प्यायला नसाल तर एक दाबा. प्यायला असाल तर दोन दाबा." एक दाबलं की "शाब्बास, आजची गोळी विसरू नका" म्हणून ठेवून द्यायची. दोन दाबलं की दुसऱ्या दिवशी नातुकुंडा सिस्टरचा खराखुरा फोन. आणि लागोपाठ काही दिवस फोन उचललाच नाही, तर सिस्टर स्वतः मोटरसायकलवर बसून दारात हजर. तिच्या जाकिटावर दवाखान्याचं नाव पाठभर छापलेलं. ते जाकीट आमच्या डोंगरावर दिसलं असतं, तर मुगारुराच्या घराबद्दल कुणाला काही विचारायची गरजच उरली नसती.

कारण मुगारुराला एचआयव्ही होता. त्याला आणि त्याच्या बायकोला, क्यारिसीमालाही. जवळचा दवाखाना सोडून दोघं बस बदलत लांबच्या गावी गोळ्या आणायला जायचे; जवळच्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा डोंगर बसलेला असतो. मुलांना सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. गोळ्या नाचणीच्या पिठाच्या डब्यात, तळाशी.

लपली नव्हती ती दारू. ती कशी लपणार? केळ्यांची दारू, टोंटो, करण्यात मुगारुराचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पिकली केळी लाकडी डोणीत गवताबरोबर तुडवायची, रसात भाजलेली ज्वारी मिसळायची, वर केळीची पानं झाकून ठेवायची, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण मुगारुराची टोंटो उतरली की पलीकडच्या डोंगरावरून माणसं यायची. आणि करणारा जेवढी विकतो त्याच्या निम्मी चाखतो, हे काय सांगायला हवं? दारू चढली की गोळी राहायची. गोळी राहिली की रक्तातला विषाणू पुन्हा उठायचा. गेल्या वर्षी तो असा उठला, की मुगारुरा इस्पितळात हाडांचा सापळा होऊन पडला. क्यारिसीमा त्याच्या खाटेखाली चटईवर झोपायची. एके सकाळी ती म्हणाली, "केमीचे बाबा, मी माझ्या गोळ्या वेळेवर घेते ते तुमच्यामागे विधवा म्हणून जगायला नाही, एवढं लक्षात ठेवा." त्याच दिवशी सिस्टरने त्याचं नाव त्या फोनवाल्या यंत्रात घातलं.

तेव्हापासून डोण अंगणात पालथी पडली आणि तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. लोकांना सांगितलं, "कंबर गेली, तुडवणं जमत नाही." पिणं कमी का झालं म्हणून विचारलं तर, "कंबरेचं औषध चालू आहे." लोकांनी थोडं मानलं, थोडं नाही. फोनचं म्हणाल, तर मुगारुरा एकदा झिंगून फोनवरच पडला होता. कानाशी धरायचा आवाज गेला होता आणि जे काय यायचं ते भोंग्यातून, चार घरांना ऐकू जाईल असं. बागेत पळायचं ते म्हणून. मधे काही वेळा त्याने दोनही दाबलं, खोटं नाही सांगत. पण अलीकडे बरेच महिने एकच.

आणि मग केमीचं लग्न ठरलं.

केमी त्याची थोरली. शाळेत लहान पोरांना शिकवायची. मुलगा अम्पाइरे, गुरांचा डॉक्टर, चांगल्या घरचा. मुलाचे वडील बाम्विने म्हणजे लांब शिंगांच्या गाईंचा मोठा कळप, केळीच्या दोन बागा, आणि रीतिरिवाजाचा असा पक्का, की जावयाने चुकून सासूसमोर टोपी घातली तरी तो आठवडाभर बोलायचा नाही. मुलाकडून यायच्या गाई ठरल्या, दिवस ठरला. मुलीला द्यायचा सोहळा मुलीच्या घरी, म्हणजे मुगारुराच्या अंगणात. दिवस ठरला त्या संध्याकाळी मुगारुराचा भाऊ काताबार्वा येऊन बसला. दोन्हीकडच्या लोकांपुढे बोलायचं काम त्याच्याकडे होतं, आणि बोलण्यासाठी तर तो जन्मालाच आला होता.

"टोंटो तू करायचीस," काताबार्वा म्हणाला. "आणि पहिला घोट तुझा."

"माझी कंबर..."

"कंबरेने पितोस काय रे?"

"तू घे ना पहिला घोट. तू माझा भाऊच आहेस."

"मी रोज घेतो, त्यात काय नवल! अरे, बापाने आधी प्यायचं, मग त्याच तुंब्यातून त्याच नळीने व्याह्याने. विष नाही, मनात काळंबेरं नाही, हे दाखवायला. तू मला शिकवतोस? काबेरेबेच्या घरी काय झालं विसरलास?"

काबेरेबेला कोण विसरेल! त्याने मुलीच्या सोहळ्यात तुंब्याला तोंड लावायला नकार दिला. म्हणाला, पोट बरं नाही. पाहुण्यांनी तुंबा खाली ठेवला, आणलेल्या गाई सोडून घेतल्या आणि आल्या वाटेने परत गेले. महिन्याच्या आत डोंगरभर झालं की काबेरेबे गोळ्यांवर आहे. आमच्याकडे दारू सोडलेला माणूस दोनच जातीचा: एक तर येशूचा, नाहीतर गोळ्यांचा. ती मुलगी अजून बापाच्या घरी आहे. पोरगी हसायची किती! आता पाण्यालासुद्धा मान खाली घालून जाते.

काताबार्वा गेल्यावर मुगारुरा चुलीपाशी येऊन बसला. क्यारिसीमा मातोकेसाठी हिरवी केळी सोलत होती.

"येशूचा होऊ का?" तो म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही चर्चमध्ये शिरलात तर पाद्री आधी तुमचं तोंड हुंगेल." ती हसली, मग हसू आवरलं. "शिवाय सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यावी लागते. काय काय सांगाल?"

"मग एक घोट घेतो. एकच."

"गेल्या वर्षीही एकच होता."

तिने केळ्याचं साल टोपलीत टाकलं, दुसरं केळं घेतलं, आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"घ्या असं माझ्याने म्हणवत नाही," ती म्हणाली. "घेऊ नका असंही म्हणवत नाही. माझी केमी काबेरेबेच्या मुलीसारखी बसलेली मला बघवायची नाही हो." आणि ती रडायला लागली, केमी बाहेरून यायच्या आत पदराने डोळे पुसून मोकळीही झाली. केमीने दोघांकडे एकदा पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं.

टोंटो मुगारुराने केली. कंबर बरी झाली म्हणून लोक हसले. डोण उलटली, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि हा माणूस अनवाणी पायांनी केळी तुडवायला उभा राहिला. रस सुटला, वास सुटला, आणि त्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याची त्यालाच भीती वाटली. चव बघायला दर वेळी काताबार्वाला हाक मारली. काताबार्वाने ती सेवा मनापासून केली. पण रात्री अंथरुणात हातापायांचा वास यायचा आणि मुगारुरा टक्क जागा राहायचा. एक घोट. त्यानंतर काय? एका घोटावर थांबलेला मुगारुरा त्याने स्वतः कधी पाहिला नव्हता.

त्यात घरात पाहुणे भरलेले. बागेत जाऊन फोन घ्यायची सोय नाही, कारण बागेत आत्याची पोरं आणि बागेबाहेर आत्या. मागचे काही दिवस फोन वाजून वाजून थांबला. सोहळ्याच्या आदल्या दिवशी तो पाण्याच्या वाटेवर एका खडकाआड गेला आणि त्याने नातुकुंडा सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, उद्याचा तेवढा तो फोन थांबवा. घरी कार्य आहे."

"यंत्राला कार्यबिर्य कळत नाही, दादा. मी वर सांगू शकते, पण वरच्यांची आज सुट्टी."

"मग मी फोन बंद ठेवतो."

"तुम्ही आधीच किती दिवस उचलला नाहीत! उद्याही नाही उचललात तर मला निघावं लागेल. नियम आहे. माणूस बरा आहे की नाही ते बघून यायचं."

"येऊ नका! अहो, देवाशपथ येऊ नका."

"मग उचला." सिस्टरचा आवाज मऊ झाला. "काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. काबेरेबेचंही सांगितलं. सिस्टर आमच्याच भागातली, तिला समजावून सांगायला लागलं नाही.

"घेऊ नका असंच मी म्हणणार," ती म्हणाली. "पण घेतलात तर दोन दाबा. खोटं दाबू नका. मी पोलीस नाही, मुगारुरा. दोन दाबलेल्या माणसाला मी कधी टाकलंय का?"

त्याने हिशेब बांधला. पाहुणे दुपारी येणार. घोट, गाई, भाषणं, सगळं ऊन कलायच्या आत उरकेल. फोन यायचा संध्याकाळी. तोवर लोक जेवणात गुंतलेले असतील, बागेत जाता येईल. फोनचा आवाज बंद करून त्याने तो कोटाच्या खिशात टाकला. खिशात तो नुसता थरथरला असता.

आता मला सांगा, आमच्याकडे मुलाकडचे पाहुणे कधी वेळेवर आलेत? दुपार गेली. मांडवातली माणसं पेंगायला लागली. मुगारुरा पांढऱ्या पायघोळ कांझूवर काळा कोट चढवून वाटेकडे बघत उभा, कपाळाला घाम. दर थोड्या वेळाने हात खिशाकडे. काताबार्वा म्हणाला, "अरे, लग्न तुझं आहे का? किती घाबरतोस!" शेवटी उन्हं डोंगराआड जायला लागली तेव्हा गाड्यांचे आवाज आले आणि बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. मग पाहुण्यांना यायचं कारण विचारणं, त्यांनी आडून आडून सांगणं, काताबार्वाने न समजल्यासारखं करणं, सगळं यथासांग झालं. काताबार्वाला त्या दिवशी थांबवेल कोण! एकेका वाक्याला टाळ्या. आणि मुगारुराला खाली दरीत परतणाऱ्या गाईंचे आवाज ऐकू यायला लागले.

शेवटी काताबार्वा म्हणाला, "आता बाप बापाला पाजेल."

मांडव शांत झाला. केमी घरातून आली, अंगभर पिवळी साजरी वस्त्रं, हातात मोठा काळा तुंबा, त्यात बोरूची नळी. बापासमोर तिने गुडघे टेकले आणि खाली बघत तुंबा पुढे केला. समोरच्या खुर्चीत बाम्विने, हातात काठी, पांढऱ्या मिशा, डोळे मुगारुरावर रोखलेले. मुगारुराने तुंबा घेतला. तो जड होता, म्हणून त्याने तो मांडीवर टेकवला.

काय सांगू त्याच्या मनात काय चाललं होतं! त्याला इस्पितळातली खाट दिसली. काबेरेबेची मुलगी दिसली. मग समोर केमीचं वाकलेलं डोकं, भांग कसा सरळ पाडलेला, लहानपणी क्यारिसीमा पाडायची तसा. त्याने ठरवलं. प्यायचं. आज प्यायचं, दोन दाबायचं, उद्याचं उद्या. पोरगी एकदा सुखाने त्या गाडीत बसू दे. त्याने नळी ओठांकडे नेली.

आणि खिशात फोन थरथरला.

प्लास्टिकच्या खुर्चीला खिसा टेकलेला. सगळी खुर्चीच घरघरायला लागली. बाम्विनेच्या भुवया वर गेल्या. "काय आहे?"

"काही नाही, फोन. राहू दे."

"अहो, ती केळीवाली बाई असणार!" मागून कोणीतरी ओरडलं. "याच वेळेला येतो तिचा फोन!"

"खरंच?" बाम्विने खुर्चीत पुढे सरकला. "ती बाई? माझ्या सुनेच्या माहेरची बाई म्हणून मीही तिचं नाव ऐकलंय. व्याही, माझी एक बाग मर रोगाने गेली, दुसरीही चालली आहे. उचला. आम्हीही ऐकू."

"आत्ता? सोहळ्यात..."

"केळी मेल्यावर सोहळे कशावर करायचे? उचला."

"उचल रे!" सगळा मांडव म्हणाला. त्या क्षणी मुगारुराला आपल्याच जिभेचा असा राग आला की ती उपटून कोंबड्यांना टाकावी. केळीच सुचली होती मेल्याला, त्या दिवशी! फोन कापावा तर सिस्टर उद्या जाकीट घालून दारात. आणि सगळे बघतायत. त्याने तुंबा एका हाताने सांभाळत फोन काढला आणि बटण दाबलं.

"नमस्कार," भोंग्यातून बाई बोलली, स्वच्छ, मोठ्याने, मांडवभर. "कृपया आपला गुप्त आकडा दाबा."

"काय गोड बोलते गं बाई!" एक म्हातारी म्हणाली.

मुगारुराने मुद्दाम भलतेच आकडे दाबले. "आकडा चुकला आहे," बाई म्हणाली. "पुन्हा दाबा." लोक हसले. "अरे, रोज दाबतोस ना?" काताबार्वा खेकसला. "पाहुण्यांसमोर अब्रू घालवू नकोस." मुगारुराने पुन्हा चुकीचा दाबला. "आकडा चुकला आहे. ही शेवटची संधी." त्याच्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. आता चुकला तर बाई फोन ठेवून देणार आणि न उचलल्यातच धरणार. बरोबर दाबला तर ती विचारणार, इथे, बाम्विनेसमोर, सगळ्या डोंगरासमोर, त्या गोड आवाजात: आज तुम्ही दारू प्यायलात का. अंगठा हवेत राहिला. देवा, मला आत्ता उचल, असं तो मनातल्या मनात म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

"बाबा." केमीने मान वर न करता हात पुढे केला. "पाहुण्यांना ताटकळत ठेवू नका. तुम्ही घोट घ्या. पानं बघून बाईला उत्तरं मी देऊन येते."

त्याच्या हातातून फोन गेला कधी ते त्यालाही कळलं नाही. केमी उठली, वस्त्रं सावरली आणि बागेकडे चालायला लागली. चालता चालता तिचा अंगठा भराभर हलला. ना अडखळली, ना आठवावं लागलं. मुगारुरा कान देऊन ऐकत होता. 'आकडा चुकला' असं बाई म्हणाली नाही. मग केळीच्या पानांआड पिवळं वस्त्र दिसेनासं झालं आणि आवाजही.

"नवरी केळीत निघाली!" काताबार्वा ओरडला आणि हशा उसळला. "शिक्षिका आहे ती," कोणी म्हणालं, "तिला समजेल बाईचं." बाम्विने मात्र हसला नाही. त्याने काठी जमिनीवर टेकवली. "व्याही. घोट."

तिला आकडा माहीत आहे. एवढंच मुगारुराच्या डोक्यात घुमत होतं. आकडा माहीत आहे म्हणजे प्रश्न माहीत आहे. प्रश्न माहीत आहे म्हणजे गोळ्याही माहीत आहेत. कधीपासून? बागेत ती पानं कापायला यायची तेव्हापासून? आता लपवायचं तरी कुणापासून! त्याने डोळे मिटले, नळी तोंडात धरली आणि ओढलं.

आंबील.

ज्वारीची आंबील होती ती, बुशेरा, आम्ही लहान पोरांना आणि बाळंतिणींना देतो ती. गोड, किंचित आंबट, दाट. दारूचा थेंब नाही. मुगारुराने डोळे उघडले. ओठात नळी तशीच. भरला कुणी हा तुंबा? केमीने आणला. केमीनेच भरला असणार.

पण लगेच दुसरी भीती येऊन बसली, पहिलीपेक्षा मोठी. तुंबा आता बाम्विनेकडे जायचा. त्याच नळीने तो पिणार, जिभेवर त्याला लहान पोरांची आंबील लागणार, आणि तो विचारणार की ही कसली थट्टा. एका नळीने प्यायल्याने हा आजार लागत नाही, हे सिस्टरने शंभरदा सांगितलं होतं. पण उद्या कळल्यावर बाम्विनेला ते कोण सांगणार? मुगारुराचे हात तुंबा सोडेनात. काताबार्वाने तो जवळजवळ हिसकावून घेतला आणि दोन्ही हातांनी बाम्विनेपुढे धरला.

बाम्विनेने काठी बाजूला ठेवली. नळी तोंडात धरली. ओढलं. थांबला.

मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. क्यारिसीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा, तोंड उतरलेलं. बाम्विनेने मुगारुराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा वाकला आणि भला मोठा, आवाज करत घोट घेतला. मिशा पुसल्या.

"कडक आहे," तो म्हणाला.

मांडव नुसता फुटला. बायकांच्या आरोळ्या, ढोल, टाळ्या. "माझ्या भावाचा हात!" काताबार्वा छाती पुढे काढून म्हणाला आणि लगेच तुंब्याकडे हात लांबवला. "बघू, मीही..."

बाम्विनेने तुंबा आपल्याकडे ओढला. "हा दोन बापांचा. तुमचे तिकडे भरून ठेवलेत, तिकडे जा."

लोक आपापल्या तुंब्यांकडे पांगले. गाणी सुरू झाली. बाम्विनेने आपली खुर्ची मुगारुराच्या खुर्चीला लावली, तुंबा दोघांच्या मधे ठेवला, आणि समोर नाचणाऱ्यांकडे बघत बोलला, ओठ जेमतेम हलले.

"घाम पुसा. लोक बघतील."

मुगारुराने घाम पुसला. "तुम्हाला... कळलं?"

"तुमची मुलगी गेल्या महिन्यात माझ्या घरी आली होती. एकटी. मुलाच्या आईसमोर नाही, माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, माझ्या बापाला दारू विषासारखी आहे, तो गोळ्या घेतो, आणि रीत म्हणून तुम्ही त्याला पाजणार असाल तर मला तुमच्या घरी यायचं नाही. लग्न मोडा." बाम्विनेने नळीतून थोडं ओढलं. "मी म्हटलं, पोरी, रीत मोडली तर डोंगर बोलेल. रीत ठेवू. तुंब्यात काय असतं ते भरणाऱ्याला माहीत."

मुगारुरा बागेकडे बघत राहिला. तो तिच्या लग्नासाठी दारू प्यायला निघाला होता, आणि ती त्याच्या न पिण्यासाठी लग्न मोडायला निघाली होती.

"माझा धाकटा भाऊ त्याच आजाराने गेला," बाम्विने म्हणाला. "गोळ्या मिळत होत्या. आमच्या लाजेपायी तो आणायला गेला नाही. असो. ती बाई काय म्हणाली माझ्या केळीबद्दल?"

"रोगट झाड मुळासकट काढा, आणि कोयता विस्तवावर धरल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका," मुगारुरा म्हणाला. हे मात्र खरं होतं, ते त्याच्या बापाने सांगितलेलं.

केमी बागेतून, स्वयंपाकघरात एक फेरी मारून, परत आली. वस्त्राला खाली कुसळं चिकटलेली. तिने पुन्हा गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी फोन बापाला दिला. बाम्विनेने मान दुसरीकडे वळवली.

"काय दाबलंस?" मुगारुराने हळूच विचारलं.

"एक."

"केमी, मला माहीत नव्हतं आत काय आहे. मी खरंच प्यायला निघालो होतो गं. दोन दाबायला हवं होतंस."

"ती तसं विचारत नाही, बाबा. प्यायलात का, एवढंच विचारते."

तिने त्याच्या कांझूची बाही नीट केली.

"शाब्बास म्हणाली," केमी म्हणाली. "आणि गोळी विसरू नका म्हणाली." तिने आपली मूठ त्याच्या हातात उघडली आणि हात मागे घेतला. नाचणीच्या पिठाने माखलेली गोळी त्याच्या तळहातावर होती. मग आत्यांनी नवरीला हाक मारली आणि ती उठून गेली.

मुगारुराने मिशा पुसल्यासारखं करून गोळी तोंडात टाकली, तुंबा उचलला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना मोठा घोट घेतला.

"पुरे की रे!" मांडवाच्या पलीकडून काताबार्वा ओरडला. "व्याह्यालाही थोडी ठेव!"